पडद्यामागच्या आवाजांचं स्वागत

या संमेलनासाठी गावोगावहून आलेल्या आवाजकार मित्रमैत्रिणींनो, मुंबईत तुमचं मनापासून स्वागत.

1927 साली या शहरात नभोवाणी केंद्र सुरू झालं आणि 1948 साली इथेच फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं. रेडिओवरचा आवाज आणि चित्रावरचा आवाज, म्हणजे व्हॉइसओव्हर, इथे शेजारी शेजारी वाढले. म्हणूनच की काय, ‘आवाज छान आहे, रेडिओवर शोभेल, व्हॉइसओव्हर कर,’ असा सल्ला होतकरू मुलांना सर्रास मिळतो. तो मला अपुरा वाटतो, कारण ही दोन वेगळी कामं आहेत.

रेडिओच्या उद्घोषकासमोर घड्याळ असतं. कार्यक्रम मिनिटभर आधी संपला, तर ती पोकळी त्याने संगीताने नाहीतर शब्दांनी भरायची. थेट प्रसारणात शब्द चुकला, तर क्षमा मागून पुढे जायचं. श्रोत्याला काहीच दिसत नसतं, त्यामुळे सगळं आवाजातून उभं करायचं. व्हॉइसओव्हरमध्ये मात्र चित्र आधीच बोलत असतं. पडद्यावर नदी दुथडी भरून वाहते आहे. तिथे आवाजाने आणखी पूर आणायचा नसतो. वाक्य कुठे उचलायचं, कुठे सोडायचं, हे दृश्य ठरवतं. रिटेक मिळतात, पण वीस सेकंदांच्या जाहिरातीत एकविसावा सेकंद मिळत नाही. गप्प कधी राहायचं हे कळणं, हे मी या कामातलं सर्वांत अवघड कसब मानतो.

‘महाभारत’ मालिकेतला हरीश भिमानींच्या आवाजातला ‘समय’ आठवा. पडद्यावर चेहरा नव्हता, तरी घराघरांत काळ बोलू लागला! अमीन सायानींनी रेडिओवर ‘गीतमाला’ घडवली आणि जाहिरातींनाही आवाज दिला. आपले बाळ कुडतरकर आकाशवाणीवर जितके रमले, तितकेच अनुबोधपटांतही. माइकसमोर उभं राहताना आज आपण कुणासाठी बोलतो आहोत, याचं भान या मंडळींनी कधी सुटू दिलं नाही, असं मला त्यांना ऐकताना नेहमी वाटत आलं आहे.

उद्घोषकाला श्रोता नावाने ओळखतो. व्हॉइसओव्हर करणाऱ्यांचं नाव मात्र श्रेयनामावलीतही अनेकदा नसतं, ते यायलाच हवं. आता तर ध्वनिमुद्रित नमुन्यावरून यंत्र हुबेहूब आवाज काढतं. आपला आवाज कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरला जाणार, हे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उद्या सकाळचं पहिलं सत्र याच विषयावर आहे. नव्या मुलांनी पुढच्या रांगेत बसावं आणि सोबत आपापले करारनामे आणावेत.