सातबाऱ्यावरचं नाव आणि हडसनकाठचं एक घर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सुचवलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." त्यावर बोलणारे आपल्यात बरेच आहेत. मी आज एका घराबद्दल आणि ते बांधणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहे. इतिहासाच्या बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून सनावळ्या नीट तपासून आले आहे.

मी अमेरिकेत राहते त्या भागात, न्यूयॉर्क शहरापासून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, हडसन नदीच्या काठी बीकन नावाचं छोटं शहर आहे. तिथे १७०९ च्या सुमारास बांधलेलं एक लाकडी घर अजून उभं आहे. औरंगजेब जाऊन दोन वर्षं झाली होती आणि साताऱ्यात शाहू महाराज नुकतेच गादीवर आले होते, तेव्हाचं. घराला नाव मॅडम ब्रेट यांचं. आपल्याकडे मॅडम म्हणजे शाळेतल्या मॅडम, पण या मॅडम जमीनदारीण होत्या.

कॅथरिना ही डच घराण्यातली मुलगी, जन्म १६८७ चा. तिचे वडील फ्रान्सिस रॉम्बाउट्स एके काळी न्यूयॉर्कचे महापौर होते. १६८३ मध्ये त्यांनी भागीदारासह वापिंजर या मूळ रहिवाशांकडून सुमारे ८५ हजार एकर जमीन खरेदी केली, आणि १६८५ मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद मिळवली. वडील गेले तेव्हा कॅथरिना जेमतेम चार वर्षांची. पुढे वाटणी झाल्यावर तिच्या वाट्याला सुमारे २८ हजार एकर आले.

सोळाव्या वर्षी तिचं रॉजर ब्रेट या इंग्रज नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं. इंग्रजी कायद्यानुसार लग्न झालं की बायकोच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जाई. म्हणजे वारसा तिचा आणि अधिकार त्याचा. शहर सोडून दोघं या रानात आले, घर बांधलं, फिशकिल ओढ्याच्या मुखाशी पिठाची गिरणी घातली. १७१८ मध्ये न्यूयॉर्कहून परतताना रॉजर नदीवर गलबतातल्या अपघातात गेला. पदरात लहान मुलं, आणि वय एकतीसच्या आसपास.

विधवा झाल्यावर मात्र त्याच कायद्याने तिला स्वतःच्या नावाने खरेदी-विक्री आणि करार करता येऊ लागले. बाईला स्वतःची जमीन स्वतः सांभाळायला मिळावी म्हणून आधी नवरा जावा लागला, हे मला फार बोचतं.

तिने दुसरं लग्न केलं नाही. पुढची चाळीसहून अधिक वर्षं कारभार स्वतः पाहिला. हडसनकाठचे मोठे जमीनदार कुळांना खंडाने जमीन देत आणि मालकी स्वतःकडे ठेवत. हिने शेतकऱ्यांना जमिनी सरळ विकल्या. त्यामुळे वस्ती वाढली आणि गिरणी चालली. त्या भागातले सगळे रस्ते मॅडम ब्रेटच्या गिरणीकडे जातात, असं लोक म्हणत. १७४३ मध्ये शेतकऱ्यांना बरोबर घेऊन तिने नदीकाठी सामायिक कोठार उभं केलं. आपल्या भाषेत, सहकारी गोदाम.

तिला देव्हाऱ्यात बसवायला मी आलेले नाही. तिच्या घरात गुलाम राबत होते. त्यांच्या नावावर काही असणं दूरच, तेच मालमत्तेच्या यादीत मोडत. आणि वापिंजरांचं काय झालं? त्यांचा प्रमुख डॅनियल निनहॅम १७६६ मध्ये शेजारच्या सनदेतल्या जमिनीसाठी दाद मागायला थेट लंडनला जाऊन आला. न्यूयॉर्कला परतल्यावर निकाल त्याच्या विरुद्ध लागला. जमीन कसली कुणी, यापेक्षा नाव कुणाचं लागलं याला तेव्हाही वजन होतं.

त्या घराची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे तिच्या वंशजांच्या सात पिढ्या राहिल्या, पण आडनाव बदलत गेलं. ब्रेटचं शेंक झालं, शेंकचं टेलर झालं. म्हणजे घर मुलींकडूनही पुढे गेलं. १९५४ मध्ये एका महिला संघटनेच्या स्थानिक शाखेने ते विकत घेऊन वाचवलं आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याची नोंद झाली.

हे सगळं इथे का सांगते आहे? आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर गेल्या दोन वर्षांत 'हक्कसोडपत्र' हा शब्द चार वेळा आला. आपण सगळे आता त्या वयात आहोत. आईवडील एकेक करून जात आहेत, आणि तेराव्यानंतर कागद पुढे येतो.

२२ जून १९९४ ला महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. तेव्हा आपण नुकतेच नववीत गेलो होतो. आपल्याला कुणी सांगितलं नाही. २००५ मध्ये देशभर हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याआधी रीतसर वाटणी झालेली असेल, तर गोष्ट वेगळी.

माझ्या वडिलांच्या वारसनोंदीच्या वेळी एका कचेरीत मला सांगण्यात आलं, "ताई, सही करून मोकळ्या व्हा, भाऊ बघतील सगळं." माझा धाकटा भाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, "ताईचं नाव राहू द्या." चार शब्दांचं ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. आमचं माहेरपण त्याने तुटलं नाही. मी अजूनही आंबे न्यायला हक्काने जाते.

आमच्या कामात 'अ‍ॅक्सेस' आणि 'ओनर' यांत फरक असतो. अ‍ॅक्सेस कुणीही कधीही काढून घेऊ शकतो. माहेरी आम्हाला अ‍ॅक्सेस भरपूर मिळतो.

प्रत्येकीने वाटा घ्यावाच, असं मी म्हणत नाही. भावाची परिस्थिती पाहून, समजून-उमजून सोडलेल्या हक्कालाही मान आहे. पण सोडायचा तर आधी तो आपला आहे हे माहीत हवं. म्हणून मैत्रिणींनो, कागद वाचल्याशिवाय सही नको. वारसनोंदीत आईचं नाव लागलंय का, तेही बघा. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण कुणाचे तरी भाऊ आहात. बहिणीने विचारायची वाट पाहू नका, आधी तुम्हीच बोला.

बाई, सनावळ्या चुकल्या असतील तर जेवणाच्या पंगतीत कान धरा.