विळ्यासारखी रक्तपेशी

निरोगी मनुष्याच्या रक्तांतील तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनींतूनहि ती अंग चोरून निघून जाते. इ. स. १९१० मध्यें शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं मात्र वेस्ट इंडीजमधील एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्यासारख्या वांकड्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. प्राणवायु कमी पडला कीं अशा पेशी ताठरतात व वाटेंत अडकतात. मग हाडांत व सांध्यांत असह्य कळा उठतात. पेशी लवकर फुटत असल्यानें रोगी पांढुरका पडतो. हाच सिकलसेल विकार.

हा रोग संसर्गानें होत नाहीं. तो आईबापांकडून येतो. दोघांपैकीं एकाकडूनच दोष आला, तर मूल केवळ वाहक होतें व बहुधा धडधाकट राहतें. आईबाप दोघेहि वाहक असले, तर मात्र प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका रोगाचा संभव असतो.

असा घातक दोष कांहीं प्रदेशांतच एवढा कां टिकला? १९५४ सालीं अँथनी ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून त्याचें उत्तर दिलें. वाहक मुलांना घातक हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. म्हणून जेथें हिंवतापाचा अंमल, तेथें हा दोषहि पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला.

भारतांत १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील जमातींमध्यें तो आढळला. महाराष्ट्रांत सातपुड्यांतील भिल्ल व पावरा आणि गडचिरोलीकडील माडिया यांच्या कांहीं पाहण्यांत वाहकांचें प्रमाण शेंकडा वीसहून अधिक भरलें आहे. उलट, ईशान्येकडील बोडो-कचारी लोकांत हिमोग्लोबिन ‘ई’ हा निराळाच दोष विपुल आहे. तेव्हां ‘आदिवासींचा रोग’ असें एकच नांव देणें शास्त्रास धरून नाहीं. विदर्भांतील कित्येक बिगर-आदिवासी घरांतहि सिकलसेल आहेच.

भारत सरकारनें जुलै १९२३ नव्हे, तर १ जुलै २०२३ रोजीं या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. परंतु तपासणीचा कागद हातीं आल्यावर ‘वाहक’ म्हणून मुलीचें लग्न मोडलें, तर तपासणीस कोण येईल? पत्रिका जुळविण्यापूर्वी वधू आणि वर या दोघांचेंहि रक्त तपासावें. त्यांपैकीं एकच वाहक असेल, तर अपत्यास हा सिकलसेल रोग होण्याचें भय सहसा नसतें. तें लग्न मोडण्यास कारण उरत नाहीं.