पंचवीस की बावन्न?

मी राळेगावात गणिताची शिकवणी घेतो, एका वेळी एकच पोट्टं. दुसरीतली एक मुलगी ‘पंचवीस’ म्हटलं की ५२ लिहायची. आई म्हणाली, हिला गणित जमणारच नाही. शेजारी बसून पाहिलं, तर ती ‘पंच’ आधी ऐकून ५ आधी लिहीत होती! २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ दिलं, ते याच अडचणीसाठी. केवढी थट्टा झाली तेव्हा! आम्ही सरकीचे दहा-दहा दाणे पुडीत बांधले. दोन पुड्या, पाच सुटे. आता ती चुकत नाही.

दहावीतला दादा बीजगणितात अडला होता, सातवीतल्या ऋण संख्यांमुळे. तुमचं कोणत्या वर्गात सुटलं? तेच पुस्तक उघडा. लाज कसली?