संसारात राहून धाडस करणारी माऊली : संत बहिणाबाई
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात माऊलींच्या सभेत केलेलं भाषण)



समोर बसलेले वारकरी, टाळकरी, विणेकरी बुवा, आणि तुळस-हंडा डोक्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या माझ्या माय-माऊल्यांनो, सगळ्यांच्या पायावर डोकं ठेवतो.

आज मला विषय दिला तो माऊल्यांच्या कामगिरीचा. बोलायला मी चौथी शिकलेला माणूस. ग्रंथ वाचला तो कीर्तनाच्या निमित्तानं, जेवढा समजला तेवढा सांगतो. मी आज एकाच बाईचं चरित्र घेतो. मुक्ताबाई ब्रह्मचारिणी. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. पण नवरा, लेकरं, म्हातारे आईबाप, गाईगुरं हे सगळं सांभाळून परमार्थात धाडस केलं अशी आपल्यासारखीच संसारी बाई म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई. आपल्यातले बरेच जण खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना आणि यांना एकच समजतात. त्या अलीकडच्या. या तुकोबांच्या शिष्या, तीनशे वर्षांच्या आधीच्या.

वेरूळच्या पश्चिमेला देवगाव आहे, तिथं शके 1550 म्हणजे 1628 साली त्यांचा जन्म. बाप गावचा कुलकर्णी. तीन वर्षांची पोर असताना लग्न लागलं. नवरा तीस वर्षांचा, बिजवर, शिऊरच्या पाठकांच्या घरचा, वेदपाठी. आता पुढं बघा. बापाच्या घरात भाऊबंदकी आणि कर्ज. रातोरात गाव सोडावं लागलं. आईबाप, जावई आणि नऊ वर्षांची ही पोर, सगळे पायी निघाले. गोदाकाठानं पंढरपूर, तिथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर, शेवटी कोल्हापूर. शिऊर ते कोल्हापूर सरळ रस्त्यानं धरलं तरी चारशे किलोमीटरला कमी नाही. आपल्याला वारीत पुढं मुक्काम ठरलेला असतो, पंगत ठरलेली असते. यांना संध्याकाळी भाकरी मिळंल का नाही, हेच ठाऊक नव्हतं.

कोल्हापुरात हिरंभटांच्या घरी आसरा मिळाला. तिथं एक कपिला गाय दानात आली, वासरासकट. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांना हे लगेच कळंल. गाय एकीच्या हाताला लागली की दुसऱ्याला पान्हा सोडत नाही. ते वासरू तसंच बहिणाबाईंच्या पायात पायात. पाण्याला गेल्या तरी मागं, कीर्तनाला गेल्या तरी मागं. जयरामस्वामींचं कीर्तन चाललं होतं, गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं. ते बाहेर हंबरतंय, आत ही पोर रडतीय. स्वामींनी वासराला आत बोलावलं आणि दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

गावात चर्चा झाली. नवऱ्याच्या कानावर गेली. त्यानं बायकोला गुरासारखं मारलं, बांधून घातलं. हे मी झाकून सांगणार नाही, कारण बहिणाबाईंनी स्वतः झाकलं नाही. मराठीत बाईनं स्वतःचं चरित्र स्वतः सांगितलं, ते पहिलं यांनीच, अभंगात. त्यात हा मार लिहिलाय. गाईनं वैरण सोडली. पुढं वासरू गेलं आणि बहिणाबाई काही दिवस शुद्धीवर नव्हत्या.

त्या अवस्थेत स्वप्नात तुकोबा आले आणि अनुग्रह दिला. तुकोबांना त्यांनी तोवर डोळ्यानं पाहिलं नव्हतं. कीर्तनात त्यांचे अभंग कानावर पडले होते, तेवढंच. देहूच्या अभंगानं कोल्हापूरची पोर जागी केली. मंडळी, आपण टाळ घेऊन गावोगाव गातो त्याचं बळ एवढं आहे.

खरं धाडस इथून पुढं. ब्राह्मणाच्या बायकोनं कुणब्या-वाण्याला गुरू केलं, हे नवऱ्याला सोसेना. बायको गरोदर, आणि हा घर सोडून जायला निघाला. तवा बहिणाबाईंनी काय केलं? नवऱ्याची सेवा सोडणार नाही म्हणल्या, आणि तुकोबाही सोडले नाहीत. आपण सोपी वाट धरतो, एक धरायचं आणि एक सोडायचं. त्यांनी दोन्ही ओझी एका डोक्यावर घेतली. त्याच वेळी नवरा तापानं अंथरुणाला खिळला. महिनाभर या बाईनं त्याची सेवा केली. तापातून उठला तो बदलून उठला, आणि सगळं बिऱ्हाड गाईसकट देहूला आलं.

देहूत मंबाजीनं छळ केला, त्या गाईला सुद्धा मारलं. पण बहिणाबाई हलल्या नाहीत. तिथंच त्यांना मुलगी झाली, काशी नाव ठेवलं. पुढं मुलगा झाला विठ्ठल. मुलगी पाळण्यात आणि कान तुकोबांच्या कीर्तनात, असे ते दिवस. बाईच्या जन्माला वेदाचा अधिकार नाही, हे दुःख त्यांनी अभंगात मांडलंय. पण रडत बसल्या नाहीत. ब्राह्मण कोणाला म्हणावं, हा प्रश्न विचारणारी वज्रसूची त्यांनी मराठीत आणली. शके 1622, म्हणजे 1700 साली, बहात्तराव्या वर्षी शिऊरला देह ठेवला. जाण्याआधी लेकाला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. आपला परमार्थ आईनं मुलाच्या हाती दिला. समाधी शिऊरला आहे, जमंल त्यानं जाऊन यावं.

आता शेवटचं, आणि हे जरा कडू लागंल. संतांच्या इमारतीचा, पाया आणि कळसाचा अभंग आपण कीर्तनात मोठ्यानं म्हणतो. तो बहिणाबाईंचा आहे. बाईचा अभंग चालतो, मग बाईच्या गळ्यात वीणा का चालत नाही? आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिवसाला वीस-वीस किलोमीटर बाया पण चालतात, पण मुक्कामाला आल्यावर आपण पालात पाय पसरतो आणि त्या चुलीपुढं बसतात. टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या त्याच. कीर्तन सुरू होतं तवा त्यांचे हात पिठात असतात.

माझी विनंती आहे. विश्वस्त मंडळींनी आणि विणेकरी बुवांनी मनावर घ्यावं. पुढच्या आषाढीला एका मुक्कामाचं कीर्तन आपल्या दिंडीतल्या माऊलीचं असावं. वीणा तिच्या गळ्यात, टाळ आपल्या हातात. त्या दिवशी पाणी भरायचं आणि भाकरी थापायच्या त्या गड्यांनी. भाकरी वाकडी झाली तर वाकडी खाऊ, विठोबा काही म्हणणार नाही. आणि गावाकडं ज्या घरात सून वारीला जायचं म्हणून विचारती आणि कोणी उत्तर देत नाही, त्या घरच्या गड्यानं एवढं आठवावं, की बहिणाबाईंच्या नवऱ्याला सुद्धा शेवटी देहूची वाट धरावीच लागली. मार खायची वेळ कोणा माऊलीवर येऊ न देता आपण आधीच धरावी.

चुकलं-माकलं पदरात घ्या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!