ड्रेस्डेनचे काळे दगड



संयोजकांनी मला जर्मनीवर बोलायला सांगितलंय. कामानिमित्त तिथे बऱ्याच फेऱ्या झाल्या, पण विमानतळ, ऑफिस आणि हॉटेल यांपलीकडे फारसं काही पाहिलं नाही. म्हणून मी एकाच शहराबद्दल बोलते, तेही तिथल्या एकाच इमारतीबद्दल.

ड्रेस्डेनला मी एप्रिलमध्ये गेले. आपल्याकडे श्रावणात ऊनपाऊस असतो, तिथे त्यात बर्फाचीही भर. एल्बे नदीच्या पुलावर चढले तेव्हा लख्ख ऊन होतं. पलीकडे उतरेपर्यंत साबुदाण्याएवढ्या गारा. आईने विणलेली कानटोपी घातली, ती संध्याकाळपर्यंत निदान आठ वेळा काढली-घातली असेल.

फ्राउएनकिर्खे हे तिथलं दगडी घुमटाचं मोठं चर्च. बांधकाम १७२६ ते १७४३. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री शहरावर बॉम्बहल्ले सुरू झाले. सुमारे २५,००० माणसं गेली. चर्च मात्र उभं होतं; पण आगीत तापलेले आतले खांब किती तग धरणार? १५ तारखेला सकाळी घुमट कोसळला. (बाई, तुम्ही महायुद्धाच्या सनावळ्या घोटून घेतल्यात, पण हे आपल्या पुस्तकात नव्हतं.)

पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा चाळीसहून अधिक वर्षं तसाच राहिला. १९९०मध्ये शहरातल्या काही लोकांनी पुनर्बांधणीसाठी आवाहन केलं, तेव्हा विरोधही झाला. ढिगारा हेच युद्धाचं खरं स्मारक, त्यावर नवी इमारत उभी केली की सगळं विसरायला मोकळे, असं काहींचं म्हणणं. मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. पण त्यांनी काम कसं केलं ते पाहा. ढिगाऱ्यातला एकेक दगड मोजला, त्याची नोंद केली आणि तो मुळात कुठे असेल हे संगणकाच्या पडद्यावर फिरवून फिरवून शोधलं. असे सुमारे ३,८०० जुने दगड पुन्हा बसवले. आमच्या धंद्यात जुना कोड दिसला की "टाकून द्या, नव्याने लिहू" म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मला याचं फार अप्रूप.

२००५मध्ये चर्च पुन्हा उघडलं. शिखरावरचा सोनेरी क्रॉस ब्रिटनमधून आला. तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील त्या हल्ल्यात विमान चालवत होते.

तिथला वालुकाश्म जुना झाला की काळा पडतो. त्यामुळे फिकट भिंतीत जुने दगड ठिगळांसारखे दिसतात. सर आली की नवे दगडही भिजून गडद होतात आणि ठिगळं जरा पुसट होतात. ऊन पडून भिंत वाळली की पुन्हा स्पष्ट. कोपऱ्यावर कॉफीचा कप धरून, बोटं बधिर झाली तरी, हे मी तासभर पाहत होते.

आता आपलं. शाळेची जुनी इमारत उन्हाळ्याच्या सुट्टीत पाडणार आहेत. नवी हवीच, छत गळतं. पण दर्शनी कमानीचे काळे दगड क्रमांक घालून सुटे काढावेत आणि नव्या इमारतीच्या दारात बसवावेत, असा अर्ज मी लिहिलाय. चहाच्या टेबलावर ठेवलाय, शेजारी पेनही आहे. सरांनी पहिली सही केली आहे.