अपघाताचा पंचनामा



देगलूरकरांपुढे रस्त्याविषयी बोलणे म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्याची ओळख करून देण्यासारखे आहे. अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या गावावरून जातो. थोडे पुढे गेले की तेलंगण, बाजूला वळले की कर्नाटक. चहाच्या हॉटेलात घटकाभर बसले तर तीन राज्यांच्या नंबरांच्या गाड्या मोजून होतात. तेव्हा गाडी सावकाश हाका, हा उपदेश करायला मी आलेलो नाही. त्यासाठी फलक आहेत आणि ते कोणी वाचत नाही. मला बोलायचे आहे ते टक्कर झाल्यानंतरच्या कामाविषयी. ती कशी झाली हे कोण शोधतो आणि कशावरून शोधतो?

आपली समजूत अशी की, अपघात स्वतःच आपली हकीकत सांगतो. गर्दी जमते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. बहुधा मोठ्या गाडीचा गुन्हा ठरतो आणि कधी कधी तिला काडीही लागते. जळालेल्या गाडीबरोबर पुरावाही जळतो, आणि मेलेल्याच्या बायकामुलांचा दावा त्या पुराव्यावरच उभा राहायचा असतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष वेगाच्या बाबतीत फार कच्ची. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून वारली. पादचारी मोटारीखाली मरण्याची ती इंग्लंडातील पहिली घटना. गाडी किती वेगात होती यावर तिथल्या साक्षीदारांचेही एकमत झाले नाही. त्याच देशात आज रस्त्यावरील मृत्यूच्या तपासासाठी पोलिसांची खास शिकवलेली पथके असतात. उलट सिद्ध होईपर्यंत असा मृत्यू बेकायदा मनुष्यवध समजूनच तपास करावा, असा त्यांचा दंडक आहे. चालकाला गुन्हेगार ठरवण्याची घाई म्हणून हा दंडक नाही. 'अपघातच तो' म्हणून झाडू फिरवला की मागाहून काही सापडत नाही, एवढेच त्यामागचे शहाणपण आहे.

मराठवाड्याला हे निराळे सांगायला नको. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथराव मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि ते गेले. गाडीचे नुकसान मानाने बेताचे, आणि माणूस मात्र गेलेला. त्यामुळे आपल्याकडे गावोगाव कुजबुज सुरू झाली. शवविच्छेदनात यकृत फाटून आत रक्तस्राव झाल्याचे आढळले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, तो अपघातच असल्याचा निष्कर्ष काढला आणि दुसऱ्या गाडीच्या चालकावर हयगयीचे आरोपपत्र ठेवले. कुजबुजीला उत्तर द्यायचे तर ते असेच, तपासाने द्यावे लागते.

दुसरे उदाहरण ४ सप्टेंबर २०२२ चे. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे दगावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. हल्लीच्या मोटारीत शेवटच्या काही सेकंदांची नोंद ठेवणारे यंत्र असते. त्याच्या आधारे कंपनीने पोलिसांना कळवले की, धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लागून तो ८९ वर आला होता. पण तज्ज्ञांच्या पथकाने मोटारीपाशी न थांबता पूलही तपासला, आणि कठड्याची भिंत रस्त्याच्या बाजूपट्टीत घुसलेली असल्याचे दाखवून दिले. खरा तपास चालक, वाहन आणि रस्ता या तिघांचा असतो. आपण पहिल्याला पकडून घरी जातो.

आता ज्या गाडीत असले यंत्र नाही तिचे काय? तिथे रस्ताच वही होतो. चाके घासत गेल्याचा काळा पट्टा फितीने मोजायचा. कोरड्या डांबरावर चाळीस मीटरचा पट्टा असेल तर वेग ताशी सुमारे ८४ किलोमीटर येतो. वीस मीटरचा असेल तर ४२ नव्हे, साठाच्या आसपास. रस्ता ओला असला तर हिशेब निराळा, म्हणून पाऊस पडला होता की नाही हेही लिहून ठेवावे लागते. मडगार्डाखाली वाळलेला चिखल धडकेच्या हिसक्याने खाली पडतो. तो ढीग जिथे, बहुधा टक्कर तिथे. गाड्या तर पुढे घरंगळून भलतीकडेच उभ्या असतात.

टायरचेही तसेच. 'टायर फुटला' हे आपल्याकडचे सर्वमान्य उत्तर आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली, तेव्हाही चालकाने हेच सांगितले. परिवहन खात्याच्या अहवालाने मात्र जागेवर रबराचे तुकडे वा टायरच्या खुणा नसल्याचे नोंदवून ते कारण मान्य केले नाही.

सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे दिव्याचा साधा बल्ब. दिवा लागलेला असताना धक्का बसला तर तापलेली तार मऊ असल्यामुळे ताणून वेडीवाकडी होते. काच फुटून हवा लागली तर तार जळते आणि पांढरी-पिवळी भुकटी मागे राहते. दिवा बंद असेल तर तार चकचकीत राहते, किंवा कट्‌कन तुटते. म्हणजे रात्री दिवा लागला होता की नाही, हे बल्ब सांगतो.

मी वकिली करतो. एका प्रकरणात रस्त्यावर उभ्या उसाच्या ट्रेलरवर मागून मोटारसायकल आदळली आणि तरुण माणूस गेला. ट्रेलरला मागे दिवा होता का? मोटारसायकलचा दिवा चालू होता का? दोन्ही उत्तरे काचांच्या ढिगात होती, आणि तो ढीग वाहतूक मोकळी करण्यासाठी कडेच्या नालीत लोटला होता. पंचनाम्यात अंतर 'अंदाजे', वेळ 'अंदाजे', आणि दिव्याविषयी अक्षर नाही. मरणाऱ्याचाही निम्मा दोष धरला गेला आणि भरपाई निम्म्यावर आली. त्याच्या पत्नीने मला विचारले, "दादा, ते तर सांगायला राहिले न्हाईत, मग त्यांची चूक कोनी सांगितली?" मला उत्तर देता आले नाही.

हवालदारालाच बोल लावावा असेही मला वाटत नाही. एका हाताने जखमी उचलायचा, दुसऱ्याने वाहतूक हाकायची. फीत धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणूनच स्वतंत्र माणसे हवीत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी पोलीस ठाण्यांत, निदान शहराच्या पातळीवर तरी, विशेष पथके नेमण्याचा आदेश दिला. आदेश दिल्लीहून निघतो आणि ठाण्यात पोचेपर्यंत त्याचा बराच घाम निघतो, हा आपला जुना अनुभव. तेव्हा 'आमच्या ठाण्यात हे पथक कोणते?' असे लेखी विचारायला हरकत नाही. आपल्यासारख्या सीमेवरच्या गावाने तर विचारलेच पाहिजे, कारण ठोकरून गेलेली गाडी बघता बघता दुसऱ्या राज्यात असते.

दरम्यान आपण काय करावे? जखमीला आधी दवाखान्यात न्यावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ कलमाने अशा मदतनीसाला संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. गाडी हलवावीच लागली तर आधी चाकांभोवती खडूने, खडू नसेल तर विटेच्या तुकड्याने खूण करावी. काचा नालीत लोटू नयेत. फोटो काढावेत, आणि ते गावाच्या गटावर पाठवण्याआधी तपास अधिकाऱ्याकडे द्यावेत.