यादवीतील सेनापती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी माणसांच्या सभेत युद्धावर बोलायचे म्हणजे पानिपतावर बोलायचे, असा आपल्याकडे जणू संकेतच आहे. तो आज मोडण्याची अनुज्ञा मी आपणांकडे मागतो. मला बोलावयाचे आहे ते १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत झालेल्या यादवी युद्धाविषयी. आणि तेही लढायांच्या डावपेचांविषयी नव्हे, तर एका साध्या प्रश्नाविषयी. सेनापतीच्या हातून चूक घडली, तर तो ती कोणाच्या पदरात टाकतो?

हे युद्ध आपल्याला वाटते तितके परके नाही. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला आणि कितीतरी पेढ्या बुडाल्या. परंतु या युद्धाचे खरे मर्म ओळखले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. कापसाच्या भावापलीकडे पाहणारी दृष्टी ती हीच.

त्या काळी अमेरिकेत सुमारे ४० लक्ष माणसे गुलामीत होती. ही पद्धती धोक्यात येणार, या भयाने दक्षिणेतील अकरा राज्ये संघराज्यातून फुटली. पुढील चार वर्षांत सहा लक्षांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. अलीकडच्या संशोधकांनी हा आकडा साडेसात लक्षांपर्यंत नेला आहे. रणांगणापेक्षा रोगराईनेच अधिक बळी घेतले. आणि यादवीचे दुर्दैव असे, की परस्परांवर तोफा डागणारे अनेक सेनापती वेस्ट पॉइंटच्या एकाच लष्करी विद्यालयात शिकलेले, मेक्सिकोच्या युद्धात एकाच निशाणाखाली लढलेले होते.

उत्तरेचा सेनापती जॉर्ज मॅक्लेलन हा त्यांतला बुद्धिमान, देखणा आणि सैनिकांचा लाडका. पराभवाने विस्कटलेल्या फौजेला त्याने शिस्त लावली, हे त्याचे ऋण इतिहासाने मान्य केले आहे. परंतु त्याला शत्रू नेहमी दुप्पट-तिप्पट दिसे. १८६२ च्या वसंतात यॉर्कटाउनपुढे दक्षिणेचे सैन्य प्रारंभी जेमतेम तेरा हजारांच्या आसपास होते. त्यांच्या सेनानीने तीच ती पथके पुन्हापुन्हा फिरवून दाखविली, आणि मॅक्लेलन प्रचंड फौज हाताशी असता महिनाभर वेढा घालून बसला. पुढे रिचमंडजवळ माघार घ्यावी लागली, तेव्हा त्याने राजधानीला तार पाठविली: या पराभवाला मी नव्हे, तुम्ही जबाबदार आहात, तुम्हीच या सैन्याचा बळी दिलात, असा तिचा आशय होता. तारकचेरीतील अधिकारी ती वाचून इतका हादरला, की शेवटची वाक्ये गाळूनच त्याने ती युद्धमंत्र्यांपुढे ठेवली!

आता दुसरे चित्र पाहा. युलिसिस ग्रँट लष्कर सोडून अनेक धंद्यांत अपयश घेतलेला, आणि युद्धाच्या आरंभी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करणारा मनुष्य. आपल्या आठवणींत त्याने एक प्रसंग प्रांजळपणे सांगितला आहे. मिसुरी राज्यात शत्रूच्या तळावर तो पलटण घेऊन निघाला. टेकडी चढताना छाती इतकी धडधडू लागली, की परत फिरावे असे वाटले. पण थांबण्याचेही धैर्य होईना. वर जाऊन पाहतो तो तळ रिकामा! शत्रू आधीच निघून गेला होता. ग्रँटला त्या क्षणी उमगले, की मला त्याचे जितके भय, तितकेच त्याला माझे. भय दोघांनाही होते, ग्रँटला आणि मॅक्लेलनलाही. एकाने ते मोजले, दुसऱ्याने ते वाढविले. अंतर एवढेच.

मात्र ग्रँटच्या चुका लहान नव्हत्या. जून १८६४ मध्ये कोल्ड हार्बर येथे मोर्चेबंदीवर समोरून हल्ला करण्याची आज्ञा त्याने दिली आणि अल्पावधीत हजारो सैनिक कापले गेले. एकवीस वर्षांनंतर, घशाच्या कर्करोगाने मृत्यू समोर दिसत असता, तो आठवणी लिहीत होता. त्या शेवटच्या हल्ल्याची खंत आपल्याला कायम वाटत आली, असे त्याने त्यात नमूद केले. त्यातून काहीच साधले नाही, अशी कबुली दिली. हाताखालच्या कोणा अधिकाऱ्याचे नाव त्याने पुढे केले नाही.

दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्याकडेही हा गुण होता. ३ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे सुमारे साडेबारा हजार लोक त्याने उघड्या मैदानातून शत्रूच्या तोफांवर धाडले. निम्म्याच्या आसपास लोक ठार, जखमी वा कैद झाले. परतणाऱ्यांना सामोरा जाऊन तो सांगत होता, की दोष सर्वस्वी माझा आहे. महिनाभराने त्याने राजीनामाही देऊ केला. तथापि येथे विवेक सोडून चालणार नाही. सेनापतीचे शील कितीही थोर असो, त्याने ज्या पक्षासाठी तलवार उपसली तो पक्ष त्यामुळे न्याय्य ठरत नाही. गुलामाच्या पायांतील बेडी लीच्या सौजन्याने हलकी झाली नव्हती. त्या बेड्या तोडण्याकरिता उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, हेही आपण विसरता कामा नये.

आणि या सर्वांच्या वर उभा असलेला तो उंच, कृश पुरुष, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन! त्याने दोन दिवसांत लिहिलेली दोन पत्रे मला या युद्धातील कोणत्याही लढाईइतकीच महत्त्वाची वाटतात. १३ जुलै १८६३ रोजी त्याने ग्रँटला लिहिले. व्हिक्सबर्गचा बळकट किल्ला ग्रँटने नुकताच जिंकला होता. त्याची योजना लिंकनला मधल्या काळात चुकीची वाटली होती. लिंकनने स्वच्छ शब्दांत कळविले, की तुमचे बरोबर होते, माझे चुकले. हे पत्र रवाना झाले. दुसऱ्या दिवशी त्याने सेनापती मीड याला पत्र लिहिले. गेटिसबर्ग जिंकूनही मीडने लीला निसटू दिले होते आणि लिंकन अत्यंत व्यथित झाला होता. पत्रात ती सारी वेदना उतरली. पण ते पत्र त्याने पाठविलेच नाही. आपल्या कागदपत्रांत ठेवून दिले. स्वतःची चूक मान्य करणारे पत्र टपालात पडले आणि दुसऱ्याची चूक दाखविणारे घरात राहिले. नेतृत्वाचा याहून मोठा पाठ मला ठाऊक नाही.

यादवीत या गुणाला विशेष मोल असते. परकी फौज हरली की आपल्या देशी निघून जाते. येथे हरलेल्यालाही त्याच घरात राहावयाचे असते. ९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे ली शरण आला. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या गणवेशात होता. त्याने सैनिकांना वचनावर घरी सोडले, अधिकाऱ्यांची तलवार त्यांच्याच कमरेला राहू दिली, ज्यांचे घोडे स्वतःचे होते त्यांना नांगरटीसाठी ते नेऊ दिले आणि उपाशी फौजेला २५ हजार माणसांचा शिधा देवविला. आपल्या छावणीत विजयाच्या तोफा सुरू झाल्या, त्या त्याने थांबविल्या. पुढे दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला पुन्हा अन्यायाची दीर्घ रात्र आली, ही गोष्ट खरी. सेनापतीची उदारता राज्यकर्त्यांच्या न्यायाची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्या दिवशी सूडाचे नवे बीज पडले नाही, हेही तितकेच खरे.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ काही रणभूमी नव्हे. तरीही पन्नास वर्षे घरापासून दूर एकत्र राहणे ही सोपी गोष्ट नाही. नाटकाचा प्रयोग पडला की दोष ध्वनिवर्धकाचा, आणि रंगला की श्रेय प्रत्येकाचे, हा अनुभव आपणांपैकी कोणाला नाही? मीही एके काळी या मंडळाचा चिटणीस होतो, आणि गणेशोत्सवातील एका चुकीबद्दल जे पत्र मी एका सहकाऱ्याला लिहिले, ते टपालात टाकले नसते तर बरे झाले असते. ते गृहस्थ पुन्हा मंडळात आले नाहीत. लिंकनचे ते न पाठविलेले पत्र माझ्या वाचनात आले ते त्यानंतर, फार उशिरा.

म्हणून आज मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांना एवढेच सुचवितो, की रागाचे पत्र अवश्य लिहा, पण रात्रभर घरात ठेवा. आणि ‘माझे चुकले’ हे पत्र मात्र त्याच दिवशीच्या टपालाने पाठवा.